दादांना अप्पांनी मारलं नव्हतं

आमच्या गल्लीत कोणालाही विचारा, दादांच्या मरणाची खोटी बातमी कोणी उठवली? उत्तर एकच मिळेल: किराणा दुकानाच्या अप्पांनी. आठ वर्षं हेच उत्तर मिळत आलंय. ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता ती लेकरंसुद्धा हेच सांगतात. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. ते आजही औशाजवळच्या आमच्या गावात ठणठणीत आहेत. दोन वेळा पोटभर जेवतात आणि तिसऱ्या वेळी वाढलं नाही म्हणून सुनेशी भांडतात.

ती बातमी अप्पांनी उठवली नव्हती. मी उठवली होती. एकोणसत्तराव्या वर्षी हे लिहायला बसलोय, कारण माझ्या त्या एका दुपारच्या भित्रेपणानं अप्पांचं जे गेलं, ते साधंसुधं नव्हतं.

अप्पा लिंगायत, मूळचे उदगीरकडचे. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, आवाज हळू, बोलणं मोजकं. त्यांच्या दुकानात मिळणारा माल लातुरात कुठंही मिळायचा. एक गोष्ट मात्र तिथंच मिळायची, ती म्हणजे स्थळाची खात्री. मुलीला स्थळ आलं की बाप आधी अप्पांच्या दुकानाची पायरी चढायचा. अप्पांना घरं किराण्यावरून कळत. पाहुणे आले की कोणाची साखर वाढते आणि पाहुणे येणार म्हटलं की कोणाच्या दाराला कुलूप लागतं, सामानाची यादी सून स्वतः लिहिते की सासू तिच्या हातून ओढून घेते, हे सगळं त्यांच्या ध्यानात असायचं. स्थळ परगावचं असलं तर ते तिथल्या दुकानदारांना विचारत. दोन दिवसांनी शब्द देत. तो शब्द घेऊन माणसं मांडव घालत. त्यांनी नुसतं “जरा दम धरा” म्हटलं, तरी बाप तो विषय पुन्हा काढत नसे.

त्या शब्दाची किंमत माझ्यामुळं गेली. कशी गेली ते सांगायचं तर आधी माझ्या पोटऱ्यांबद्दल सांगावं लागेल.

सरकारी नोकरीतून निवृत्त झालो आणि लगेच साखर निघाली. डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं. लातुरात ऐन मे महिन्यात चालायला सांगणाऱ्या माणसाला बाहेर काय चाललंय ते बहुधा माहीत नसावं. मी जिम लावली. तिथं पंखे होते. जिमचा मालकच शिकवायचा. पस्तिशीतला गडी, मान डोक्यापेक्षा रुंद. सगळे त्याला सर म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. तो मला काका म्हणायचा. वर्षभर मी एका कोपऱ्यात हलकी वजनं उचलत राहिलो, आणि कोणी माझ्याकडे बघितलं नाही.

एके दिवशी मी चप्पल शोधायला वाकलो आणि सर माझ्यामागं उकिडवे बसले. बाजारात जनावर बघतात तसं एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून बघितलं.

“काका, हे कुठं लपवून ठिवलं होतं?”

मी घाबरून विचारलं, काय? ते माझ्या पोटऱ्यांबद्दल बोलत होते. चौतीस वर्षं मी सायकलीवर ऑफिसला गेलो होतो. माझे साहेब जीपनं जायचे. त्यांना बढती मिळाली, मला पोटऱ्या मिळाल्या. आतापर्यंत त्याचा काही उपयोग असेल असं वाटलं नव्हतं.

नांदेडला शरीरसौष्ठव स्पर्धा होती आणि तिच्यात साठीवरच्यांचा गट होता. सरांची जिम निघून सहा वर्षं झाली होती, पण भिंतीवरच्या काचेच्या कपाटात अजून एकही बक्षीस नव्हतं. नुसतं कपाट होतं. सरांनी विचार केला की तरुणांच्या गटात रांग लागते, साठीवरच्या गटात उभं राहायला मुळात माणसंच नसतात. तिथं आपला माणूस घुसवला तर काहीतरी हाताला लागेल. त्यांनी हे मला इतकं स्पष्ट सांगितलं नाही. ते म्हणाले, काका, तुमच्यात लई दम हाय.

मी हो का म्हणालो, ते सांगतो. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. दादांनी मला वाढवलं. ते जवानीत पैलवान होते, आसपासच्या जत्रांतून त्यांचं नाव होतं. मलाही त्यांनी तालमीत घातलं होतं. तिसऱ्या दिवशी वस्तादांनी मला हाताला धरून घरी आणून सोडलं आणि दादांना म्हणाले, ह्याला शाळेत घाल. दादांनी घातलं. चांगलंच झालं. पण त्यानंतर जन्मभर दादा माझ्याकडे बघताना आधी माझ्या दंडाकडे बघत आणि मग दुसरीकडे बघत. एकसष्टाव्या वर्षी कोणीतरी माझ्या शरीराकडे बघून दुसरीकडे बघितलं नाही, एवढंच त्या होकाराचं कारण. बक्षीस मिळालं तर फोटो दादांना दाखवायचा, फक्त गळ्यापासून वरचा, असं मी ठरवलं. मिळालं नाही तर कोणालाच काही सांगायचं नाही.

तयारी तीन महिन्यांची होती. पहिल्या महिन्यात तेल गेलं, दुसऱ्यात गहू आणि भात गेला, शेवटी मीठ गेलं. बायको रोज बिनमिठाचं, बिनफोडणीचं काहीतरी उकडून समोर ठेवायची आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन जेवायची, माझं तोंड बघवत नाही म्हणून. ज्येष्ठ नागरिकांची स्पर्धा आहे एवढं मी तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, योगासनांची का? मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. पुढं मी जे केलं त्याचा सराव इथूनच सुरू झाला असं आता वाटतं.

व्यायाम जमला. जड गेलं ते उभं राहणं. स्पर्धेत ठरलेल्या ढंगात उभं राहून एकेक अवयव दाखवायचा असतो, आणि अंगातली शीर न् शीर ताणलेली असताना तोंडावर हसू ठेवायचं असतं. सर ओरडायचे, काका, हसा. चौतीस वर्षांच्या नोकरीत ताण आल्यावर हसायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. घरी कपाटाच्या आरशासमोर मी सराव करायचो. एकदा बायको न सांगता आत आली. मी दोन्ही हात डोक्यामागं घेतलेले, पोट आत ओढलेलं, दात बाहेर. ती दोन क्षण बघत राहिली, मग शांतपणे बाहेर गेली आणि ओवा घेऊन आली.

“चावून खा. ग्यासच हाय.”

मी खाल्ला. दुसरं काय सांगणार होतो?

आणि चड्डी. शेवटच्या आठवड्यात सरांनी ती एका पाकिटातून काढून माझ्या हातात ठेवली. पाकीट मोठं होतं. माझा हातरुमाल तिच्यापुढं ऐसपैस वाटला असता. मी दारात बनियनवर कधी उभा राहिलेला माणूस नाही. पोस्टमननं हाक मारली तर आधी शर्टाची सगळी बटणं लावून मग कडी काढायचो. ती चड्डी मी घरात एका जुन्या फाइलीत ठेवली, वर दोरी बांधली. शेवटी शेवटी पाणीही कमी करायचं होतं. ते मला फार अवघड जाईल अशी सरांना काळजी होती. मी म्हणालो, सर, आम्ही लातूरचे. ते मूळचे नांदेडचे, गोदावरीकाठचे. त्यांना ते लवकर कळलं नाही.

स्पर्धेच्या तीन दिवस आधी बायको पुढं निघून नांदेडला मुलीकडे गेली. मुलगी विष्णुपुरीला राहते, जावई तिथल्या कॉलेजात आहेत. मी मागून जाणार होतो. सरांनी शेवटची सूचना दिली की अंगावर केस नको, केसांत स्नायू दिसत नाहीत. छातीचं मी क्रीम लावून घरीच उरकलं. त्याचा वास दोन दिवस घरातून गेला नाही. मग सर माझ्या डोक्याकडे आणि मिशीकडे बघून म्हणाले, काका, ह्या पांढऱ्या मिशीत तुम्ही पंचाहत्तरचे दिसून राहिलात. पंच पोटऱ्या बघायच्या ऐवजी खुर्ची आणायला धावतील.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी ओळखीचं सलून सोडून लांबच्या एका सलूनमध्ये गेलो आणि डोकं आणि मिशी दोन्ही काढून टाकायला सांगितलं. सलूनवाल्यानं टीव्ही बंद केला. हलक्या हातानं काम केलं. झाल्यावर पावडर लावली नाही, मागून आरसा दाखवला नाही. पैसे घेताना मान खाली घातली. मला वाटलं, किती समजूतदार माणूस आहे, इथंच येत जावं.

वडील गेले तेव्हा माझं डोकं केलं होतं. आई गेली तेव्हा मिशीही काढली होती. एवढं सगळं आयुष्य मराठवाड्यात काढलेल्या माणसाला, पुरुषानं डोकं आणि मिशी एकदम काढली की लोक काय समजतात, हे आठवायला नको का? नाही आठवलं. अंगात मीठ नसलं की डोकं चालत नाही असं सर म्हणायचे. पण मी मिठावर ढकलणार नाही.

परत येताना अप्पांच्या दुकानावरून आलो. अप्पा गादीवर बसून कुणाची तरी तूरडाळ मोजत होते. त्यांनी मला बघितलं, माप तसंच खाली ठेवलं आणि अनवाणी खाली उतरले. दुकानात गल्लीतल्या तीन बायका होत्या. त्यांनी पदर डोक्यावरून घेतले आणि बाजूला झाल्या. माझे गाल बसलेले, ओठ कोरडे पडलेले, डोळे खोल गेलेले. तीन महिन्यांची तयारी माझ्या तोंडावर दिसत होती.

अप्पांनी दोन्ही हात जोडले.

“कोण गेलं?”

तेव्हा मला कळलं. माझ्या हातात पिशवी होती. पिशवीत ती चड्डी होती, कारण सरांनी ती घालून एकदा सगळे ढंग दाखवायला सांगितलं होतं. कोणी गेलं नाही असं म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न होता, मग हे कशाला? त्याचं उत्तर तीन बायकांच्या समोर द्यावं लागणार होतं. परवा नांदेडला भर सभागृहात मी एवढ्याशा कपड्यावर उभा राहणार आहे, हे वाक्य माझ्या तोंडातून आलं नसतं. आणि ज्याच्यासाठी मी मिशी काढली असती असा वडीलधारा जगात एकच उरला होता.

“दादा,” मी म्हणालो.

अप्पांनी डोळे मिटले. कधी, विचारलं. मी म्हणालो, सकाळी. माती? झाली. अप्पांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. दुसऱ्या हातानं मी पिशवी पाठीमागं धरून उभा होतो.

स्पर्धा झाल्यावर सगळं नीट सांगू, असं मी मनाशी म्हटलं. नीट म्हणजे कसं, याचा विचार केला नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत माझ्या दारात डबे येऊ लागले. आमच्याकडे ज्या घरात मयत झाली त्या घरी चूल पेटत नाही, शेजारी घास आणतात. पिठलं आलं, भाकरी आली, खिचडी आली, लसणाची फोडणी दिलेलं वरण आलं. बारा आठवडे मी फोडणीचा घास खाल्ला नव्हता. घरात एकटा, मुंडण केलेला, मध्ये सतरंजीवर बसलो होतो, आणि चारी बाजूंनी झाकणं उघडत होती. शेजारचे निवृत्त कंडक्टर भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून माझ्या ओठांपर्यंत आणत होते.

“दोन घास तरी. दादांच्या आत्म्याला बरं वाटंल.”

मी मान फिरवली. पिठल्यात मीठ होतं. आणि खरंच माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. बायका तोंडाला पदर लावून म्हणाल्या, भावावर एवढा जीव असलेला माणूस बघितला नव्हता. अप्पा माझ्याजवळ दोन तास बसून राहिले. त्यांनी एक घासही खाल्ला नाही, मी खात नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं मी नांदेडला निघालो. मुलीच्या दारात माझं डोकं बघून बायको किंचाळणार होती, पण मी आधीच ओरडलो, सगळे जिवंत हायेत, स्पर्धेसाठी हाय. ती म्हणाली, योगासनाला डोई करावी लागते होय? मी आत जाऊन झोपून घेतलं.

स्पर्धेच्या दिवशी सभागृहाच्या मागच्या खोलीत सरांनी मला तपकिरी रंग लावला. ज्या रोलरनं भिंत रंगवतात, त्याच रोलरनं. साठीवरच्या गटात तिघांची नावं होती. त्यातला एक आलाच नाही, घरच्यांनी येऊ दिलं नाही असं कळलं. मला त्या घरच्या माणसांचा हेवा वाटला. दुसरे नांदेडचेच एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी शर्ट काढला तेव्हा मला कळलं की मी शर्ट काढायला नको होता.

स्टेजवर दिवे इतके होते की समोरचं काही दिसत नव्हतं, हीच काय ती देवाची कृपा. मला हसायचं आठवलं. समोरून दाखवण्यासारखं माझ्याकडे फारसं नव्हतं, पण पाठ करून टाचा उचलल्या तेव्हा मागून शिट्ट्या आल्या. मुलीनं नंतर सांगितलं की आईनं पहिल्याच क्षणी पदर तोंडावर घेतला होता, पण शिट्ट्या ऐकल्यावर पदर थोडा बाजूला केला. माझा दुसरा क्रमांक आला. दोघंच होतो. सरांनी मला उचललं आणि त्यांचा पांढरा शर्ट तपकिरी झाला.

खाली आलो तर पिशवीत फोन वाजत होता. गावाकडून बावीस वेळा वाजून गेला होता. मी उचलला.

“मी मेलो का रे?” दादा म्हणाले.

मी रंगलेल्या हातानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“न्हाई, गाडीभर माणसं आल्यात. पांढऱ्या टोप्या हायेत. हार हाय. कुणीच काही बोलून न्हाई राहिलं. मीच म्हणलं बसा, चहा ठिवायला लावतो.”

झालं होतं ते असं. अप्पांनी माणुसकीला धरून सगळं केलं होतं. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गल्लीतर्फे कोणीतरी जायला हवं, म्हणून त्यांनी जीप ठरवली, पाच जणांना घेतलं, औशात उतरून हार घेतला आणि आमचं गाव विचारत विचारत दारात गेले. दादा दारातच बाजेवर बसून म्हशीला ओरडत होते. अप्पांनी त्यांना पूर्वी एकदा माझ्या मुलीच्या लग्नात बघितलं होतं. त्यांनी ओळखलं. हातातला हार लपवायला जागा नव्हती. दादांनी विचारलं, कुणाकडं आलात? कंडक्टर म्हणाले, तुमच्याचकडं.

हे सगळं दादांनी फोनवर सांगितलं आणि मग विचारलं, पण म्हणलं कोण?

मी डोकं का केलं ते आधी सांगितलं. स्पर्धा, नांदेड, दुसरा नंबर. दादांनी विचारलं, कशाची स्पर्धा? सांगितलं. काय घालून? तेही सांगितलं. दादा हसले. इतकं हसले की त्यांना ठसका लागला आणि सून पाणी घेऊन धावली. ज्या लाजेपायी मी त्यांना मारून टाकलं होतं, ती त्यांच्या लेखी एका ठसक्याएवढी होती. तेव्हाच खरं सांगायला काही हरकत नव्हती. मार्ग मोकळा होता.

“म्हणलं कोण पण?” त्यांनी पुन्हा विचारलं.

“अप्पांचा गैरसमज झाला असंल,” मी म्हणालो. “माझी डोई बघून.”

पहिली थाप भुकेल्या माणसाची होती, ती माफ होईल. ही दुसरी मी पूर्ण शुद्धीत मारली.

लातूरला परत आलो तेव्हा ते पाचही जण अप्पांच्या दुकानासमोर उभे होते. माझ्या हातात बक्षिसाचा कप होता. कंडक्टर म्हणाले, काय हो, अप्पा म्हणतात तुम्ही स्वतः सांगितलं. दादा तर म्हणतात, अप्पांचा गैरसमज. अप्पांनी गादीवरून माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी कपाकडे बघितलं. त्यावर माझं नाव चुकीचं लिहिलं होतं, ते मी फार लक्ष देऊन वाचत राहिलो.

अप्पा म्हणाले, “माझंच चुकलं. डोई बघून मीच धरून चाललो.”

सगळे हसले. तेव्हापासून हसताहेत. अप्पांनीच कबूल केल्यावर दुकानातल्या त्या तीन बायकांना कोणी विचारलं नाही, आणि डबे आले तेव्हा मी नाही का म्हणालो नाही, हेही कोणी विचारलं नाही. नंतर कोणाकडे स्थळ आलं आणि कोणी म्हणालं अप्पांना विचारा, की दुसरा हटकून म्हणायचा, अप्पांना? ज्यांनी जित्या माणसाला हार नेला त्यांना? अप्पाही हसायचे. हळूहळू बापांनी त्या पायरीवर येणं सोडलं. दुकान चालत राहिलं. साखर, डाळ, तेल जात राहिलं.

मी आठ वर्षं त्याच दुकानातून किराणा आणत राहिलो. अप्पांनी कधी माप कमी दिलं नाही, कधी बोलणं कमी केलं नाही. त्यानं जास्तच त्रास व्हायचा.

या पावसाळ्याच्या आधी कंडक्टरांच्या धाकट्या मुलीला औशाचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला, घर माहीत नाही. कंडक्टर माझ्याकडे बसून हातानं कपाळ दाबत होते. मी म्हणालो, अप्पांना विचारा. ते म्हणाले, तुम्ही तरी असं म्हणू नका, तुमच्याच घरचा प्रताप हाय तो. आणि नेहमीप्रमाणं हसले. मला हसता आलं नाही.

आधी गावाला जाऊन दादांना सांगितलं. बाजेवर शेजारी बसून, सगळं, पहिल्यापासून. दादांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आता न्हाई बदलायचं. आठ वर्षं झाली सांगून राहिलोय, अप्पाचं तोंड कसं झालतं ते. तुझं नाव घालून त्यात काही मजा न्हाई.” वर बजावलं की पाहुण्यांत मीही तसंच सांगत जावं.

मग अप्पांकडे गेलो. मुद्दाम दुकानात गिऱ्हाईक असताना गेलो, कारण खोटं बोललो तेव्हाही गिऱ्हाईक होतं. उभ्या उभ्या सांगून टाकलं. तुम्ही विचारलं कोण, मी म्हणालो दादा. तुम्ही विचारलं कधी, मी म्हणालो सकाळी. मातीचं विचारलं, मी झाली म्हणालो. तुमचं काहीएक चुकलं नव्हतं.

अप्पा गिऱ्हाइकाची साखर बांधत होते. पुडीला दोरा गुंडाळून झाला, गाठ मारून झाली.

“एक राहिलं,” ते म्हणाले. “मी विचारलं होतं, आज माती झाली तर तुम्ही गाव सोडून इथं कसं? तुम्ही म्हणला, कपडे न्यायला आलोय, उद्या सकाळी वापस जातो.”

मी वर ते लिहिलं नाही, कारण अप्पांनी सांगेपर्यंत मला ते आठवतच नव्हतं. बाकीची तीन उत्तरं घाबरलेल्या माणसाची होती. हे चौथं नव्हतं. हे चांगलं बेतून शिवून सांगितलेलं होतं. आणि अप्पांनी आठ वर्षं ते शब्दाला शब्द सांभाळून ठेवलं होतं.

मी माफी मागितली. ते म्हणाले, “मला कामून सांगून राहिला? मला तर माहीतच हाय. जीपमध्ये होते त्यांना सांगा.”

पाचांपैकी एक वारले आहेत, दोन मुलांकडे पुण्याला गेलेत. त्यांना आता हे लिखाण पाठवणार आहे. राहिले दोघं. पहिल्यांनी ऐकून झाल्यावर मला चहासुद्धा विचारला नाही. ते योग्यच झालं. दुसरे कंडक्टर. त्यांनी मला सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाले, म्हणजे अप्पांचा शब्द खरा होता? मी म्हणालो, पहिल्यापासून. त्यांनी चपला घातल्या आणि मला तिथंच बसलेलं सोडून दुकानाकडे गेले.

अप्पांनी दोन दिवस मागून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकान मुलावर सोपवलं, माझ्या दारात येऊन म्हणाले, तुम्ही बी चला, तुमचा भाग हाय तो. आम्ही बसनं औशाला गेलो. वाटेत ते पावसाचं आणि तुरीच्या भावाचं बोलले, दुसरं काही नाही. औशात त्यांनी तीन किराणा दुकानं फिरून चौकशी केली, कोणाकडे पाच मिनिटं, कोणाकडे अर्धा तास. शेवटच्या दुकानदारानं बरंच काही सांगितलं आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही तर ह्याच भागातले, तुमचं काय म्हणणं हाय त्या घराबद्दल?

मी तोंड उघडलं.

“ह्यांचं काही धरू नका,” अप्पा म्हणाले. “तुम्ही सांगा पुढं.”